साबणाचं पाणी

उद्या पहाटे पाचला बस.
चोरलला तीन रात्री, बेचाळीस मुली,
आणि आज शाळेच्या मागच्या ओसरीवर माझ्यासमोर
पाच शेगड्या, पाच लहान सिलिंडर,
गेल्या जानेवारीची काजळी अजून अंगावर घेऊन.

नीलांबरी वझे, सातवी ब, मदतीला थांबली आहे.
म्हणजे तिची रिक्षा आलेली नाही.
तिला मगात साबण फेसायला बसवलंय.
ब्रश दाढीचा, जुना,
गेंदालाल शिपायाने शाळेला दान दिलेला.

नळी बोटाभोवती वाकवून बघायची.
टाचेला भेगा पडतात
तशा बारीक रेघा दिसतात का.
छापलेलं वर्ष वाचायचं,
चष्मा लावून, अंदाजाने नाही.
बर्नरची भोकं टाचणीने एकेक.
दुसऱ्या शेगडीच्या नळकांड्यातून
कोळ्याचं अख्खं बिऱ्हाड निघालं,
पांढरं, वाळलेलं.
नीलांबरी म्हणाली, बाई, यांचंही शिबिर.

मग बर्नर बंद, गॅस चालू,
सांध्यावर फेस लावायचा
आणि थांबायचं.
“आता काय होणार?”
काही होता कामा नये.
“मग बघायचं काय?”

एका वर्षी मी बघितलं नव्हतं.
आई एमवायमध्ये होती, रात्रपाळी माझी.
यादीत शेवटचा रकाना, ‘तपासले’.
पाचही ओळींपुढे सही केली
रिक्षात, गुडघ्यावर कागद धरून.
छावणीच्या खड्ड्यांत ‘ग’चा काना जरा उडाला,
बाकी सही माझीच होती.

त्या वर्षी काहीही झालं नाही.
खिचडी झाली. पापड भाजले. कढी उतू गेली.
एकीचा बूट नदीत वाहून गेला, एवढंच.
परत आल्यावर मुली माझ्या गळ्यात पडल्या
आणि मुख्याध्यापिकाबाईंनी माझं नाव घेऊन आभार मानले.
लोकांना वाटतं,
भीती भडक्याची असते.
मला अजून त्या खिचडीची वाटते.
फार छान झाली होती म्हणे.

हे सातवीतल्या मुलीला कसं सांगायचं.
मी म्हटलं, ब्रश दे इकडे.

तिसऱ्या शेगडीला, सिलिंडरच्या मानेशी,
मोहरीएवढा एक.
फुगला. थांबला.
त्याला चिकटून दुसरा.
“आला! बाई, आला!”
ती टाळ्या पिटत नाचली
आणि मीही हसले, खोटं कशाला बोलू,
मग हात लांब करून कॉक फिरवला.
“घट्ट आवळू या ना, पान्याने?”
नको गं. आवळलं की तो दिसेनासा होतो,
जात नाही.

सियागंजला शटर अर्धं खाली आलेलं.
मुर्तझाभाई वाकून म्हणाले,
“मॅडम, आठ रुपये का वायसर, और इतना ट्रॅफिक काट के?
फोन कर देते, अंदाज से भेज देता.”
मी रुमालाची गाठ सोडून जुना वायसर काढला.
त्यांनी टोपी मागे सारली,
दोन्ही वायसर बल्बसमोर धरले,
एकातून दुसऱ्याकडे बघितलं,
आणि पहिला नवा परत डब्यात टाकून
दुसरा शोधायला लागले.

आले तेव्हा अंधार. नीलांबरी गेलेली.
ओसरीवर बसून पुन्हा फेस लावला,
टॉर्च दातांत धरून बघत राहिले.
फेस बसला, ओघळला, वाळून पांढरा झाला.
बस्स.
यादीत तीन नंबरपुढे लिहिलं, ‘वायसर बदलला’,
मग सही,
कागद फरशीवर ठेवून.
वाळूची बादली, ओलं गोणपाट, लांब दांड्याचा चिमटा
वेगळ्या पोत्यात. तंबूपासून दहा पावलं
ही मीच मोजणार आहे, उद्या, माझ्या पावलांनी.

मग उचलायला गेले तर दिसलं,
पोरीने जाता जाता
तारेचं एक कडं वाकवून
उरलेल्या फेसात बुडवून ठेवलं होतं.

गेंदालाल गेट लावायला आला
तेव्हा मी फुंकर मारत होते.